धुतलेलं माप

मी एकदा माप धुतलं होतं.

वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. लोक कपडे धुतात, भांडी धुतात, मी माप धुतलं. गरम पाण्यात, कपड्यांची पावडर घालून, तासभर भिजवून, वर अर्धं लिंबू पिळून. मग गच्चीत वाळत घातलं आणि वाळल्यावर स्टीलच्या पट्टीनं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजलं. धुतल्यामुळे ते आटलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या काळी माझ्या डोक्यात माझ्याबद्दलचा आदर इतका ठासून भरला होता की दुसऱ्या कशाला तिथं जागाच नव्हती.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. म्हणजे अक्कल यायला वय पुरेसं होतं.

वारज्याला आमचं पत्र्याचं शेड होतं. चहूकडे सोसायट्या उठत होत्या, त्यामुळे खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे आणि हॉटेलांत भिंतीला टांगायचे टीव्हीचे स्टँड यांना मरण नव्हतं. वेल्डिंग आमचे हे करायचे आणि ड्रॉइंग मी. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, वर्गात मुलगी मी एकटी. ही गोष्ट मी गिऱ्हाइकाला खिडकीचं माप विचारायच्या आधी सांगायचे. काही गिऱ्हाइकं खिडकीचं माप न देताच परत जायची, ते आमचे हे अजून काढतात.

लेकीनं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा चांगला, घर दर्यावरचं. दापोलीच्या बाजूला बंदर, तिथं त्यांची मासेमारीची बोट. आमचे व्याही स्वतः त्या बोटीचे तांडेल, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात आणि खलाशी त्यांच्या शब्दात. बोटीत त्यांच्या धाकट्या भावाचा निम्मा हिस्सा.

लेकीच्या डोहाळजेवणाला ही मंडळी पुण्याला आली. जेवणं झाली, विडे झाले आणि व्याह्यांनी सहज सांगितलं की बोटीवर नवं यंत्र घेतलंय. पेटी एकच, पण पडद्यावर बोट कुठं आहे तेही दिसतं आणि खाली मासे कुठं आहेत तेही. फक्त दुकानदारानं बरोबर दिलेला स्टँड केबिनच्या फळीवर बसेना. गावातल्या सुतारानं दोन वेळा खटपट करून हात टेकले.

"अहो, मग आम्ही कशाला आहोत?" मी म्हणाले. "असले स्टँड आम्ही डझनांनी काढतो. टीव्हीचा भाऊच की तो! तुम्ही फक्त माप पाठवा."

ह्यांनी पानाला चुना लावता लावता माझ्याकडे पाहिलं. "हलेल," एवढंच म्हणाले.

"काय हलेल?"

"बोट."

"बोट हलेल, स्टँड नाही हलणार," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. विहीणबाईंनी कौतुकानं मान डोलावली. मुलीची आई असून एवढं ठणकावून बोलते म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. मला तर फारच बरं वाटलं.

स्वयंपाकघरात भांडी आवरताना लेकीनं मला कोपऱ्यात घेतलं.

"आई, हे गमतीचं काम नाहीये. बाबांना लांबचं दिसत नाही आता."

बाबा म्हणजे तिचे सासरे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जवळचं चांगलं दिसायचं, पण किनाऱ्यावरचा डोंगर, देवळाचा कळस, माडांची ओळ हे सगळं धूसर झालं होतं. आणि तांडेल माणूस समुद्रातली जागा ओळखतो ती याच खुणा एकमेकींवर धरून. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू अजून पिकला नाही, दिवाळीनंतर काढू. पण मासेमारी सुरू होते नारळी पौर्णिमेला. पुढे नजर ठेवायला खलाशी होते, जागा मात्र तांडेलालाच कळायला हवी. धाकट्या भावानं स्पष्ट सांगितलं होतं, दादा, यंत्र तुझ्या डोळ्यांसमोर नीट बसलं आणि तुला त्यातलं दिसलं तर सुकाणू तुझं. नाहीतर या वर्षापासून माझं.

"आणि एकदा गेलं की परत येत नाही ते," लेक म्हणाली. "चुलत सासऱ्यांचा तसा वाईट स्वभाव नाही. पण त्यांनाही पंचवीस वर्षं वाटच बघायला लागलीय."

"अगं, दोन आठवड्यांचं काम," मी म्हणाले.

लेक बाळंतपणासाठी आमच्याकडेच राहिली, ती मंडळी परत गेली. दुसऱ्याच दिवशी मी ग्राफपेपरवर तक्ता आखून पाठवला. केबिनची रुंदी, खिडकीची उंची, फळीची जाडी, समोर रिकाम्या चौकटी आणि खाली लाल अक्षरांत, 'सर्व मापे मिलिमीटरमध्ये.'

आठ दिवसांनी उत्तर आलं ते सुकटीच्या टेम्पोतून. पावसाळ्यात ताजी मासळी बंद असते, तेव्हा त्यांच्या बंदराहून आठवड्याला एक टेम्पो सुकट आणि सुके बोंबील घेऊन पुण्याच्या बाजारात यायचा. माल उतरवला की रिकामा परत जाताना वारज्यावरूनच जायचा. ड्रायव्हर शिवण्याचा. त्यानं माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत माझा तक्ता, होता तसाच कोरा. आणि गाठी मारलेला एक दोरा.

"हे काय?"

"माप हाय, काकू. तांडेलानं दिलंय. पहिल्या गाठीपतुर रुंदी. तितनं दुसऱ्या गाठीपतुर उंची. आन् शेवटची जोडगाठ हाय ना, ती खिडकीपासनं सुकाणूपतुर. म्हनले, जपून न्या."

"तक्ता भरायला काय झालं होतं?"

"ते मला नाय म्हाईत. माजं काम टेम्पोचं."

"आणि हा वास?"

"सुकटीच्या टेम्पोत सुकटीचाच वास येनार की. अत्तर भरलं तर अत्तराचा यील."

आता सांगते. आमच्या घरी मासे खातात. आवडीनं खातात. पण ते बाजारातून साफ करून आणलेले, आलं-लसूण लावलेले, ताटात तळून आलेले. त्याआधी मासा आमच्याशी बोलला तर आम्हाला चालत नाही. तो दोरा माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर दहा मिनिटं होता, तेवढ्यात माझ्या सगळ्या ट्रेसिंग पेपरना बोंबलाचा वास लागला. म्हणून मी तो धुतला. गाठी सुटू नयेत म्हणून वरच्यावर चोळला, पिळला नाही. याला मी काळजी म्हणत होते.

मग ड्रॉइंग. काय ड्रॉइंग काढलं होतं म्हणून सांगू! तीन बाजूंनी, दोन रंगांत. काटकोन तपासायचा गुण्या घेऊन मी ह्यांच्या डोक्यावर उभी राहायचे. एक सांधा अर्ध्या अंशानं कलला म्हणून तोडून परत करायला लावला. स्टँड झाला, घासला, लाल ऑक्साइड मारलं, वर राखाडी रंगाचे दोन हात. पुढच्या टेम्पोनं तो रवाना झाला. ड्रायव्हर म्हणाला, "लई देखना झालाय." मी म्हणाले, "असणारच."

तिसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. लेकीनं घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसत नाहीये. तोकडा पडतोय."

"शक्यच नाही."

"आई, दोन बोटं तोकडा आहे."

"बोटं मोजू नका, पट्टीनं मोजा म्हणावं. मी दोऱ्याबरहुकूम केलाय. दोरा चुकला असेल. म्हणून मी तक्ता पाठवला होता! लिहिता येतं ना सगळ्यांना? मग गाठी कसल्या मारत बसता?"

हे सगळं मी लेकीला म्हणाले. व्याह्यांना असं म्हणायची सोय नव्हती. मुलाकडची माणसं. फोन हातात घेतल्यावर माझा आवाज आपोआप साजूक तुपातला झाला. "व्याहीबुवा, काही नाही हो, जरासा फरक पडलाय. आपल्याकडून दोरा किंचित कमी धरला गेला असेल का?"

मग ते म्हणाले, "असेल. माझंच चुकलं असेल, विहीणबाई. परत पाठवतो."

इतक्या सहज त्यांनी चूक पदरात घेतली की मला वाटलं, चला, माणूस सरळ आहे.

पुढच्या आठवड्यात दुसरा दोरा आला. तोच वास, तशाच गाठी. धुवायला बादली भरलीसुद्धा होती. पण धुण्याआधी गंमत म्हणून मी दोन्ही दोरे शेजारी धरले, व्याह्यांची चूक नेमकी किती मोठी आहे ते लेकीला दाखवावं म्हणून. गाठ गाठीला लागेना. प्रत्येक जागी जुना दोरा त्याच प्रमाणात आखूड. रुंदीला थोडा, उंचीला जास्त, सगळ्यात लांब मापाला सगळ्यात जास्त. माणूस चुकला तर एखाद्या गाठीत चुकतो. सगळ्या गाठींत हिशेबानं चुकायला गरम पाणी लागतं.

मी बादलीकडे बघितलं. बादलीनं माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणी काय करायला हवं होतं हे आज माझी सात वर्षांची नातसुद्धा सांगेल. मी काय केलं? धुतलेला दोरा घडी घालून शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली सारला. कोणाला काही बोलले नाही. लेकीनं विचारलं, "काय, किती फरक निघाला?" मी म्हणाले, "समुद्राकडची हवा दमट असते, दोऱ्यावर परिणाम होतो." हे वाक्य आयटीआयला शिकलेली बाई बोलली.

दुसरा स्टँड आधीच्यापेक्षा चांगला झाला. तो बसलासुद्धा. बसला म्हणजे रुंदीत बसला. बोट तेव्हा किनाऱ्यावर ओढलेलीच होती. त्यांनी यंत्र चढवलं, इंजिन दोन मिनिटं चालू करून पाहिलं आणि फोन आला.

"थरथरतोय," लेक म्हणाली. "आकडे दोन दोन दिसतायत. तरण्या खलाशांनाच नीट वाचता येत नाहीत, बाबांना काय दिसणार!"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"आणि आई, तो पार वर लागलाय. छताला."

"मग? सगळीकडे टीव्ही तिथंच लावतात."

"ते काय वडापाव खात मॅच बघणारेत का?"

"समोर उभं राहिलं की डोळ्याच्या रेषेत येतो तो. मी स्वतः उभी राहून बघितलंय."

"बाबा सुकाणूसमोर उभेच राहत नाहीत!"

"मग त्यांना म्हणावं, समोर उभे राहा!"

लेक नवव्या महिन्याचं पोट सांभाळत उठली, माझ्यासमोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तीस वर्षं. जसे. उभे राहतात. तसेच. राहणार." मग खुर्चीत बसली आणि खऱ्या आवाजात म्हणाली, "तुला माहितीये तिकडे काय चाललंय? पहिलं माप चुकलं ना, तेव्हापासून काका सगळ्यांना सांगतायत, दादाला आता हातातला दोरासुद्धा दिसत नाही. लांबचं तर सोडाच. आणि बाबा गप्प बसतात. काय बोलणार? चुकलंच त्यांचं."

मी आत गेले. शिवणाचा डबा फडताळात होता. तो उघडला नाही. भाजी निवडायला घेतली आणि मेथीची पानं टाकून देठं ठेवली.

सांगावं असं वाटलं नाही का? वाटलं की. रोज वाटायचं. पण व्याह्यांना काय सांगू? तुमच्या मालाला वास येतो म्हणून तुमचा दोरा धुतला? मुलाकडच्यांना? शिवाय स्वतःचा दोष दोन आठवडे दुसऱ्याच्या अंगावर राहू दिला की तो तिथंच शोभतोय असं वाटायला लागतं. आणि चिडायला तर बरंच काही होतं. वाकड्या बोटीवर चिडत होते, कोऱ्या तक्त्यावर चिडत होते, टेम्पोवर, आठवड्यातून एकदाच येतो म्हणून. ह्यांच्यावर सगळ्यात जास्त, कारण ते काही बोलत नव्हते.

श्रावण लागला आणि लेकीला मुलगी झाली. सुखरूप. पाचव्या दिवशी व्याही नात बघायला आले, सुकटीच्याच टेम्पोनं, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. अंघोळ केली, नातीला मांडीवर घेतलं, अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिलं. चहा झाला. मग म्हणाले, "आपलं शेड बघायचंय."

शेडमध्ये ह्यांचा ग्राइंडर चालू होता. व्याह्यांनी सगळीकडे हात फिरवून पाहिलं. वेल्डिंगच्या सांध्यावर बोट टेकवून म्हणाले, "काम सुरेख आहे." मग माझ्याकडे वळले. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"विहीणबाई, तो पहिला दोरा ठेवलाय का हो तुम्ही?"

"का?"

"हा बघा, दुसऱ्यासारखा एक मी आणलाय. दोन्ही शेजारी धरून बघतो. कुठल्या गाठीला चुकलो ते कळलं तर बरं. भाऊ म्हणतो तेही खोटं नाही. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी उठून गाठी मारून बघतो मी, चुकतायत का. मला तर बरोबर वाटतात. पण आधीचीही बरोबरच वाटली होती ना."

ग्राइंडर बंद झाला. ह्यांनी तो का बंद केला, कोण जाणे. ग्राइंडर बंद झाला की आमच्या शेडमध्ये फार म्हणजे फार शांत व्हायचं.

"तुम्ही चुकला नव्हतात," मी म्हणाले. "मी धुतला तो."

"काय केलंत?"

"दोरा. धुतला. वास येत होता."

"कशानं धुतला?"

"गरम पाण्यानं. कपड्यांची पावडर घातली. आणि लिंबू."

"लिंबू कशाला?"

"वास जावा म्हणून."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला आमटीत काय पडलं तेही जेवल्यावर कळतं," हे म्हणाले.

व्याही स्टुलावर बसले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. बराच वेळ हातातला दोरा बोटांवर गुंडाळत राहिले. "मी मुद्दाम नवा सुती दोरा घेतला होता," म्हणाले. "नायलॉनचं सूत ओढलं की वाढतं. म्हटलं, पुण्याचं काम आहे, माप फसायला नको." मग उठले. "माझ्या भावाला फोन लावा. तुम्ही बोला. मी बोललो तर त्याला वाटेल, झाकतोय."

आयुष्यात मी बरेच फोन केले. त्या फोनइतका लांब फोन केला नाही, आणि तो दोन मिनिटांचा होता. पलीकडून त्यांचा भाऊ फक्त "हां, हां" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे, ताई. म्हणजे दादाचं चुकलं नव्हतं. पण दर्यात नारळ पडायच्या आत स्टँड पाहिजे. पौर्णिमेला बोट लोटणार, ती कोणासाठी थांबणार नाही." पौर्णिमेला आठ दिवस होते.

मग खरं काम सुरू झालं, आणि त्यात माझं ड्रॉइंग कोणी मागितलं नाही. ह्यांनी दोन लाकडी खोकी उलटी घातली, सायकलचं जुनं रिंग सुकाणू म्हणून बांधलं, खिडकी म्हणून आमच्याच एका जाळीची रिकामी चौकट टांगली. व्याही खोक्यावर चढले. समोर नाहीच उभे राहिले. सुकाणूच्या डाव्या अंगाला, खांदा भिंतीला, उजवा हात रिंगवर आणि डोकं खिडकीबाहेर.

"असे?" मी म्हणाले. "अख्खी समोरची काच सोडून?"

"काचेवर पाणी असतं, विहीणबाई. खारट. पुसलं की आणखी माखतं. डोकं बाहेर काढलं की वारा गालाला लागतो, बोट वळली तर गालाला आधी कळतं. आणि जाळं मागं असतं. समोर तोंड करून उभं राहिलो तर मागं कोण बघणार?"

"मग यंत्र बघायचं कधी?"

त्यांनी डोळे मिटले. थोडे झुलले, आमच्या शेडमध्ये, जशी काही खाली लाट होती. मग डोकं आत घेतलं, मान खाली केली आणि डावा हात पुढे करून तळवा उघडला. कमरेच्या जरा वर, अंगाकडे कललेला, पोथी धरावी तसा.

"हे इथं."

मी गुण्या लावायला पुढे झाले. "तो ठेवा," ते म्हणाले. "बोटीत काटकोन नसतो."

ह्यांनी त्यांच्या तळव्याखाली पुठ्ठा धरला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. तेवढंच ड्रॉइंग. जुन्या बाजारातून थरथर जिरवायला स्कूटरच्या इंजिनाखालचे रबरी बुश आणले, टिंबर मार्केटातून सागाची एक पाचर. पट्टी जाड घेतली, स्टँडचा हात आखूड ठेवला. चौथ्या दिवशी स्टँड तयार झाला. दिसायला अगदी ओबडधोबड, एका अंगाला वाकलेला, पोलिओ झालेल्या स्टुलासारखा. ह्यांनी त्यावर रेडिओ ठेवून खाली ग्राइंडर चालू केला. रेडिओ जागचा हलला नाही. व्याही पहिल्यांदा हसले.

हंगाम सुरू व्हायच्या आत उरलेली सुकट संपवायची म्हणून त्या आठवड्यात टेम्पोची जादा फेरी होती, तो त्याच दुपारी आला. व्याही त्यातच परत जाणार होते, स्टँड घेऊन.

आणि इथं त्या बाईनं, म्हणजे मी, पुन्हा तोंड उघडलं.

"एकच हात झालाय रंगाचा. खाऱ्या हवेत महिन्यात गंजेल. दुसरा हात देते, उद्यापर्यंत वाळेल. तुम्ही व्हा पुढे, मी उद्या सकाळच्या एसटीनं पाठवते. चार दिवस आहेत अजून."

"गंजायला आधी पोचला पाहिजे," हे म्हणाले.

व्याही दोघांकडे बघत होते. त्यांना तो तसाच न्यायचा होता, त्यांचा हात स्टँडवरच होता. पण मुलाच्या सासूला नाही कसं म्हणायचं? मी घरी पाच पदार्थ केले होते, नात पाळण्यात होती. "बरं," म्हणाले. "तुम्हाला ठीक वाटेल तसं." आणि टेम्पोत चढले.

श्रावणातल्या हवेत ऑइलपेंट वाळतो असं ज्याला वाटतं त्यानं पुण्यात राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लावलं तर बोटाला राखाडी. पंख्याखाली ठेवला, शेगडीजवळ ठेवला. संध्याकाळी वाळला. तिसऱ्या दिवशी पहाटे हे स्वतः एसटीत तो घेऊन बसले आणि दुपारी स्टँडसकट परत आले. ताम्हिणी घाटात दरड कोसळली होती. दुसऱ्या घाटानं जावं तर तिकडच्या गाड्या रद्द. ह्यांनी स्टँड कट्ट्यावर ठेवला, पाय धुतले आणि जेवायला बसले. त्यांनी ओरडावं म्हणून मी दोनदा पोळी करपवली, तरी नाही.

पौर्णिमेला दर्यात नारळ पडला. बोट लोटली. सुकाणूवर भाऊ होता, त्याची लांबची नजर घारीसारखी. यंत्र दोरीनं बांधून फळीवर ठेवलं होतं. व्याही किनाऱ्यावर होते. ते कसे उभे होते हे लेकीनं जावयाला विचारलं, त्यानं सांगितलं आणि तिनं मला सांगितलं नाही.

घाट मोकळा झाल्यावर स्टँड गेला. बोट आठ दिवसांनी बंदराला लागली तेव्हा पाव तासात बसला. दुसऱ्या फेरीला व्याही सुकाणूवर गेले. ती फेरी संपेपर्यंत मी रोज फोनजवळून जाताना फोनचा रिसीव्हर नीट बसलाय ना ते तपासत होते. शेवटी घंटा वाजली. मीच घेतला.

"व्याहीबुवा, बसला का नीट? दिसतं का?"

मागे बंदराचा आरडाओरडा चालला होता. ते मोठ्यानं, अगदी खुशीत बोलत होते. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत, कारण फोन ठेवल्यावर ते मला ह्यांना सांगावे लागले.

"दिसतं, विहीणबाई, सगळं दिसतं, आणि हलत तर अजिबात नाही. फक्त एक आहे. पहिल्या फेरीला भाऊ गेला ना, खलाशांना त्याचाही हात बसला, मग आता आमचं ठरलंय, एक फेरी माझी आणि एक त्याची. तर तेवढं जरा बघाल का? तो उभा राहतो उजव्या अंगाला. डावखुरा आहे तो."